घाईचं ॲब्स्ट्रॅक्शन: कोड कॉमन कधी करायचा, कधी तसाच राहू द्यायचा

कोड रिव्ह्यूमध्ये (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासताना) सगळ्यात सहज येणारी सूचना म्हणजे "हे दोन ठिकाणी आलंय, कॉमन करून टाका." पुष्कळदा ती बरोबरही असते. पण ते दोन तुकडे नुसते दिसायला सारखे असतील, तर त्या कॉमन फंक्शनची किंमत पुढच्या प्रत्येक बदलात मोजावी लागते. कॉपी-पेस्टचा त्रास उघड असतो: दोन फायली, दोन्हीकडे बदल, आणि शोधलं की सापडतो. चुकीचं ॲब्स्ट्रॅक्शन (वेगळ्या गोष्टींना एकच समजून काढलेला कॉमन कोड) मात्र नीटनेटकं दिसतं, म्हणून त्याच्यावर संशय येईपर्यंत त्याच्याभोवती बराच कोड उभा राहिलेला असतो.

कधी थांबायचं हे कळण्यासाठी जीएसटीची बिलं बनवणारं सॉफ्टवेअर घेऊ. त्यातले नियम लेखी आहेत, ते बदलतात, आणि कुठला बदल कोणामुळे आला हे बोट ठेवून दाखवता येतं.

## दिसायला सारखे कागद

बिलिंगमध्ये आधी टॅक्स इनव्हॉइस बनतं. मग क्रेडिट नोट लागते: माल परत आला किंवा आकारणी जास्त झाली की द्यायची. त्यानंतर डिलिव्हरी चलान: माल नेताना सोबत द्यायचा कागद. तिन्हींवर वरती विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर. मध्ये मालाचा तक्ता. खाली बेरीज आणि सही. इनव्हॉइसचं फंक्शन शंभर ओळींचं असेल, तर क्रेडिट नोटसाठी त्यातल्या ऐंशी ओळी जशाच्या तशा चालतात. इथेच एक फंक्शन काढायचा मोह होतो:

कागद_बनव(प्रकार, पक्ष, वस्तू)

क्रेडिट नोटवर मूळ इनव्हॉइसचा क्रमांक आणि तारीख द्यावी लागते, म्हणून चौथा पॅरामीटर (फंक्शनला द्यायचं मूल्य) येतो. चलानवर कराचे रकाने माल विकायला जात असेल तरच लागतात, जॉबवर्कला (दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घ्यायला) जात असेल तर नाही. म्हणून एक फ्लॅग, म्हणजे हो-नाही सांगणारा पॅरामीटर. मालाच्या इनव्हॉइसच्या तीन प्रती काढायच्या, सेवेच्या दोन. म्हणून आणखी एक. चलानच्याही तीन प्रती असतात, पण त्यांच्यावरचा मजकूर वेगळा. मग आपलं सॉफ्टवेअर वापरणारा, कंपोझिशन योजनेतला (लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी जीएसटी योजना) विक्रेता येतो. त्याला कर आकारताच येत नाही, त्याला बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न दाखवणारं बिल हवं. शेवटी फंक्शन असं दिसतं:

कागद_बनव(प्रकार, पक्ष, वस्तू, मूळ_इनव्हॉइस, कर_दाखव, सेवा_आहे, कंपोझिशन_आहे, प्रत_मजकूर)

चार प्रकार आणि तीन हो-नाही फ्लॅग म्हणजे बत्तीस वाटा. त्यातल्या खरोखर वापरात येणाऱ्या दहाच्या आत. बाकीच्या निरर्थक आहेत, पण कोड वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. कंपोझिशनची क्रेडिट नोट, तीही कर दाखवून, असं कोणी कॉल केलं तर काहीतरी छापून बाहेर पडेल. ते बरोबर आहे का, याचं उत्तर कोडमध्ये कुठेच नाही.

यातला एकही पॅरामीटर वाढवणारा माणूस चुकलेला नसतो. प्रत्येकाने पाच ओळींचा लहानसा बदल केला. चूक पहिल्या दिवशीची आहे: "कागद" नावाची गोष्ट व्यवसायात नाही. इनव्हॉइस आहे, क्रेडिट नोट आहे, चलान आहे. अकाउंटंटला विचारा, "कागद बनवायचा आहे" असं तो कधी म्हणत नाही.

## एकाच उत्तराचे दोन प्रश्न

फ्लॅग निदान डोळ्यांना दिसतात. त्याहून घातक प्रकार न दिसणारा आहे.

समजा कॉमन फंक्शनच्या आत कराचा दर असा काढलाय: दर_शोध(वस्तू, आजची_तारीख). इनव्हॉइसला हे अगदी बरोबर. क्रेडिट नोटलाही चालतं, कारण दर बदललेला नाही. आजचा दर आणि मूळ इनव्हॉइसच्या दिवशीचा दर एकच. सगळ्या टेस्ट पास. वर्षानुवर्षं पास.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एअर कंडिशनर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तूप-लोणी १२ वरून ५ वर. आता १० सप्टेंबरला ४०,००० रुपये करपात्र किमतीचा एसी विकलाय. त्यावर कर ११,२०० रुपये. तो २५ तारखेला परत आला. क्रेडिट नोट ही मूळ विक्रीवर लावलेल्या कराची दुरुस्ती असते, म्हणून तिच्यावर ११,२०० रुपयेच यायला हवेत. कॉमन फंक्शन आजचा दर लावून ७,२०० छापतं. एका नोटेमागे ४,००० रुपयांचा फरक, आणि तो कळतो तो हिशेब जुळवताना.

इनव्हॉइसचा प्रश्न "आज या वस्तूवर दर किती?" असा आहे. क्रेडिट नोटचा प्रश्न "त्या दिवशी दर किती लावला होता?" असा. पहिल्याचं उत्तर दरांच्या तक्त्यात असतं, दुसऱ्याचं मूळ इनव्हॉइसच्या नोंदीत. दर स्थिर असेपर्यंत दोन्ही उत्तरं सारखी येत होती, म्हणून कोड सारखा दिसत होता. दोन स्वतंत्र फंक्शनं असती, तर क्रेडिट नोट लिहिणाऱ्याला दर कुठून घ्यायचा हा प्रश्न निदान एकदा तरी पडला असता. कॉमन फंक्शनने तो पडूच दिला नाही.

## विचारायचा प्रश्न

दोन सारखे तुकडे दिसले की ओळी मोजू नका. विचारा: हा तुकडा बदलायला भाग पाडणारा कोण आहे, आणि त्याने बदल मागितला तर दुसरा तुकडाही त्याच दिवशी, त्याच कारणासाठी बदलावा लागेल का?

उत्तर ठाम "हो" असेल, तर ते एकच ज्ञान दोन जागी लिहिलेलं आहे. ते लगेच एकत्र करा, तिसऱ्या वेळेची वाट बघू नका. उत्तर "कदाचित" किंवा "एकाच्या बाबतीत हो" असेल, तर ते तुकडे योगायोगाने सारखे आहेत. त्यांना वेगळं राहू द्या.

आपल्या उदाहरणात ठाम "हो" कुठे येतं, पाहा. इनव्हॉइसचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. त्यात अक्षरं, अंक, डॅश आणि तिरकी रेघ चालते, आणि आर्थिक वर्षात तो पुन्हा यायला नको. क्रेडिट नोट आणि चलानच्या क्रमांकालाही १६ अक्षरांचीच मर्यादा आहे. हा नियम एकाच जागेवरून येतो. म्हणून क्रमांक_तपास हे फंक्शन दुसऱ्या वापरालाच कॉमन व्हावं, भले ते तीन ओळींचं असो.

राज्यांतर्गत विक्रीत कर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) यांत अर्धा-अर्धा विभागतो. तिथेही असंच. १००.०५ रुपयांवर १८ टक्के एकदम काढले तर १८.००९, म्हणजे १८.०१ रुपये. ९ टक्के दोनदा वेगवेगळे काढले तर प्रत्येकी ९.००४५, म्हणजे ९.००, एकूण १८.०० रुपये. एका पैशाचा फरक. कोणती रीत वापरायची हे एकदा ठरवा आणि एकाच फंक्शनमध्ये ठेवा. इनव्हॉइसने एक रीत आणि क्रेडिट नोटने दुसरी वापरली, तर पूर्ण परतावा दिल्यावरही खात्यात पैसा शिल्लक दिसतो. रक्कम अक्षरी लिहिणं, लाख-कोटींत स्वल्पविराम देणं हीसुद्धा याच जातीची कामं.

"स्वतःची पुनरावृत्ती करू नका" हे तत्त्व प्रोग्रामर अँडी हंट आणि डेव्ह थॉमस यांनी १९९९ मध्ये मांडलं, तेव्हा ते ज्ञानाबद्दल होतं: प्रत्येक ज्ञानाची सिस्टिममध्ये एकच अधिकृत जागा असावी. वापरता वापरता ते ओळींवर येऊन ठेपलं, आणि सारख्या दिसणाऱ्या ओळी म्हणजे गुन्हा असा समज झाला. उलटही खरं आहे: कधी कधी कोड अजिबात सारखा दिसत नाही, पण ज्ञान एकच असतं. १६ अक्षरांची मर्यादा वेबवरच्या फॉर्ममध्ये, सर्व्हरवर आणि डेटाबेसच्या कॉलममध्ये तीन भाषांत लिहिलेली असेल, तर ती खरी पुनरावृत्ती आहे. डुप्लिकेशन शोधणाऱ्या कुठल्याही टूलला ती सापडणार नाही.

## दुसरी प्रत बनवताना

"कदाचित" असं उत्तर आलं तर कॉपी करा, पण शिस्तीने. निष्काळजी कॉपीमुळेच कॉपी बदनाम आहे.

दोन्ही प्रती शक्यतो एकाच फोल्डरमध्ये शेजारी ठेवा. एक उघडणाऱ्याला दुसरी दिसली पाहिजे. नव्या प्रतीतली नावं लगेच बदला: "इनव्हॉइस" हे व्हेरिएबल क्रेडिट नोटच्या फाइलमध्ये तसंच राहिलं, तर वाचणारा फसतो. नको असलेल्या शाखा त्याच दिवशी काढून टाका. वर एका ओळीची कॉमेंट टाका: "रचना इनव्हॉइसवरून घेतली आहे, दर मात्र मूळ नोंदीतून येतो." प्रती वेगळ्या का आहेत हे तिथे लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी कोणीतरी चांगल्या हेतूने त्या पुन्हा एकत्र करेल.

मग वाट बघा. किती? तिसरा वापर येईपर्यंत. प्रोग्रामर डॉन रॉबर्ट्स यांचा हा नियम मार्टिन फाउलर यांनी १९९९ मध्ये लोकांपुढे आणला: पहिल्यांदा सरळ लिहा, दुसऱ्यांदा नाराजीने का होईना पण पुन्हा लिहा, तिसऱ्यांदा एकत्र करा. तीन या आकड्याला एक साधं कारण आहे. एका उदाहरणावरून काय कायम आहे आणि काय बदलतं हे सांगता येत नाही. दोनांवरून अंदाज बांधता येतो. तिसरं उदाहरण त्या अंदाजाला तपासतं. पण वापर खरा हवा. "उद्या डेबिट नोटही लागेल" हा वापर नव्हे; डेबिट नोट जेव्हा मागितली जाईल तेव्हा तिच्या अटी आजच्या अंदाजाला क्वचितच जुळतील.

तिसरा वापर आला की निर्णय अंदाजाने घेऊ नका, इतिहास बघा. गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) च्या लॉगला मोठ्या एलच्या (-L) पर्यायासोबत फंक्शनचं नाव आणि फाइल दिली, की त्या एका फंक्शनचा आजवरचा प्रवास दिसतो. दोन्ही प्रतींचा इतिहास शेजारी ठेवा. एका प्रतीत झालेले बदल दुसऱ्या प्रतीत त्याच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचात) किंवा दोन-तीन दिवसांत झालेले दिसले, आणि कमिट संदेशात कारणही तेच असेल, तर ते ज्ञान एक आहे, एकत्र करा. प्रती वेगवेगळ्या दिशांनी गेल्या असतील, तर त्या वेगळ्या राहिल्या हे योग्यच झालं. एका बाजूला बग दुरुस्त झाला आणि दुसरीकडे राहून गेला, असं एकदा घडलं असेल तर लक्ष ठेवा, दुसऱ्यांदा घडलं तर त्या बगाभोवतीचा नेमका तेवढाच भाग बाहेर काढा. अख्खी शंभर ओळींची प्रत कॉमन करायचं ते कारण होत नाही.

## सांगाडा नको, सुटे भाग घ्या

एकत्र करायचं ठरलं, तरी कसं करायचं यात बराच फरक पडतो, आणि याकडे सहसा दुर्लक्ष होतं.

पहिली रीत सांगाड्याची. एक मूळ क्लास "कागद" किंवा एक मोठं फंक्शन कामाचा क्रम ठरवतं: शीर्षक छाप, तक्ता छाप, बेरीज छाप. प्रत्येक प्रकार त्यातल्या ठरावीक जागा भरतो. दुसरी रीत सुट्या भागांची. इनव्हॉइस_बनव, क्रेडिट_नोट_बनव, चलान_बनव ही तीन स्वतंत्र फंक्शनं राहतात. प्रत्येक आपला क्रम स्वतः ठरवतं आणि विक्रेता_पट्टी, रक्कम_अक्षरी, कर_विभाग, क्रमांक_तपास अशी छोटी फंक्शनं बोलावतं.

ओळी वाचतात त्या सांगाड्यात जास्त. पण उद्या चलानवर तक्त्याच्या आधी वाहनाचा क्रमांक हवा झाला, तर सांगाड्यात नवी रिकामी जागा पाडावी लागते आणि बाकी सगळ्यांनी ती रिकामी ठेवायची. सुट्या भागांत चलान_बनव मध्ये एक ओळ वाढते, इतर कोणाला पत्ताही लागत नाही. एखादा सुटा भाग चुकीचा निघाला, तर एक प्रकार तो वापरणं थांबवू शकतो. सांगाड्यातून असं बाहेर पडता येत नाही. तिथे फ्लॅगच वाढवावा लागतो.

म्हणून नियम असा ठेवा: बाहेर काढलेल्या फंक्शनला, त्याला कोणी बोलावलं हे कळायची गरज पडता कामा नये. रक्कम_अक्षरी ला आकडा मिळतो, शब्द परत जातात. ज्या क्षणी त्याला "प्रकार" पाठवावासा वाटतो, त्या क्षणी तुम्ही चुकीच्या जागी कापलंय.

## एकच वापर असलेला इंटरफेस

घाईचं ॲब्स्ट्रॅक्शन नेहमी पुनरावृत्तीतूनच येतं असं नाही. "उद्या दुसरा प्रकार येईल" म्हणून आजच इंटरफेस (कोणत्या मेथड असाव्यात याची फक्त यादी) लिहिणं हा त्याचा दुसरा चेहरा. पैसे घेण्याचा कोड हे याचं उत्तम उदाहरण आहे, कारण त्यात भारतात खरोखर दुसरा प्रकार आला.

२०१६ च्या आधी ऑनलाइन दुकानात पैसे भरायचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे कार्ड. ग्राहक बँकेच्या पानावर जातो, ओटीपी टाकतो, त्याच ब्राउझरमध्ये परत येतो, आणि निकाल सोबत घेऊन येतो. यावरून "कुठलीही पेमेंट पद्धत" म्हणून इंटरफेस काढला, तर त्यात दोन मेथड असणार: सुरू_कर(रक्कम) आणि परत_आला(उत्तर). उत्तर यशस्वी किंवा अयशस्वी.

मग यूपीआय आलं. लॅपटॉपवर क्यूआर दिसतो, ग्राहक फोनवर पिन टाकतो. ब्राउझरमध्ये "परत येणं" घडतच नाही. निकाल वेबहुकने (पेमेंट सेवेकडून आपोआप येणाऱ्या निरोपाने) सर्व्हरवर येतो, कधी काही सेकंदांनी, कधी बऱ्याच उशिरा. मधल्या काळात तो यशस्वीही नसतो आणि अयशस्वीही नसतो, तो प्रलंबित असतो. ग्राहकाने टॅब बंद केला तरी पैसे येऊ शकतात. वेबहुक हरवला तर आपणच स्थिती विचारायला जावं लागतं. जुन्या इंटरफेसमध्ये यातल्या एकाही गोष्टीला जागा नाही. मग प्रलंबितला अयशस्वी समजणारे तोडगे लिहिले जातात, ग्राहक पुन्हा पैसे भरतो, आणि एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जातात.

इंटरफेस लिहिणाऱ्याने कार्डाचा तपशील वगळून "सर्वसाधारण" असं काहीतरी लिहिलंय असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात कार्डाचेच योगायोग सर्वसाधारण म्हणून गोठवले गेले. एका उदाहरणावरून काढलेल्या प्रत्येक इंटरफेसला हा धोका असतो.

त्याऐवजी असं करा. कार्डाचा सगळा कोड एका मॉड्यूलमध्ये ठेवा, गेटवेची (पेमेंट हाताळणाऱ्या सेवेची) फील्डनावं तिथून बाहेर गळू देऊ नका, पण इंटरफेस लिहू नका. साधी फंक्शनं पुरेत. यूपीआय आलं की तेही असंच सरळ लिहा. आता दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसतं की कॉमन गोष्ट "पेमेंट पद्धत" नाहीच. कॉमन आहे ती ऑर्डरच्या पैशांची स्थिती: प्रलंबित, जमा, अयशस्वी, मुदत संपली, परत केले, आणि कोणत्या स्थितीतून कुठे जाता येतं याचे नियम. कार्ड आणि यूपीआय दोघंही त्या स्थितीला ढकलतात, आपापल्या रीतीने. कॅश ऑन डिलिव्हरीसुद्धा यात बसते. हे ॲब्स्ट्रॅक्शन फक्त कार्ड समोर असताना सुचणं फार कठीण होतं.

"पण टेस्टसाठी इंटरफेस लागतोच" हा आक्षेप नेहमी येतो. बाहेरच्या नेटवर्कला हात लावणारी एकच जागा खोटी करायची असेल, तर तेवढं एक फंक्शन बाहेरून पाठवा. प्रत्येक क्लासला जोडीदार इंटरफेस नको. गो भाषेत इंटरफेस वापरणाऱ्याच्या बाजूला, नंतरही लिहिता येतो, मूळ कोडला हात न लावता. जावामध्येही सगळे कॉलर (ते वापरणारा कोड) तुमच्याच रेपोत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) असतील, तर आयडीईमधून (कोड लिहायच्या ॲपमधून) इंटरफेस काढायला मिनिटभर लागतं. मिनिटात होणारं काम वर्षभर आधी करून ठेवण्यात काही मिळत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते गंभीर आहेत. नंतर बदलणं महाग पडणार असेल, तिथे आधी विचार करा: बाहेरच्या लोकांनी वापरायचा एपीआय, मोठ्या डेटाचा डेटाबेस आराखडा, साठवून ठेवायच्या फायलींचा फॉरमॅट. पैशांची रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवणं, तारीख-वेळ एकाच पद्धतीने साठवणं, परवानगी तपासणं, एसक्यूएलमध्ये इनपुट सुरक्षितपणे देणं, यांना पहिल्या दिवसापासून एकच जागा द्या. यात एक प्रत दुरुस्त करून दुसरी विसरली तर नुकसान ग्राहकाचं होतं. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये सांगितलेली कसोटी आजही कामाची आहे: बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका मॉड्यूलमध्ये लपवा. जीएसटीचे दर तारखेसह तक्त्यात ठेवणं या कसोटीला उतरतं, कारण दर बदलतात हे आधीच माहीत आहे. "उद्या डेटाबेस बदलला तर" म्हणून सगळ्या क्वेरींवर स्वतःचा थर चढवणं बहुतेक प्रकल्पांत उतरत नाही.

सर्व्हिसेसच्या (स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रोग्रामच्या) बाबतीत एक खास सावधगिरी हवी. दोन सर्व्हिसेसनी एक कॉमन लायब्ररी घेतली, की त्यांच्या रिलीज एकमेकींना बांधल्या जातात. वीस ओळींच्या सोयीसाठी दोन टीमचं वेळापत्रक जोडायचं का, हे आधी ठरवा. इथे कॉपीची किंमत सहसा कमी पडते.

## चुकीचं कॉमन फंक्शन उलगडायचं कसं

आधीच अडकला असाल तर ओळख सोपी आहे. नवा पॅरामीटर फक्त एकाच कॉलरसाठी वाढतोय. आत "प्रकार अमुक असेल तर" अशा शाखा आहेत. नावात हेल्पर, मॅनेजर, बेस किंवा जेनेरिक आहे, कारण नेमकं नाव सुचत नाही. एका कागदाचा रकाना बदलल्यावर भलत्याच कागदाची टेस्ट पडते.

उपाय आणखी एक थर चढवण्याचा नाही. मागे या. प्रोग्रामर सँडी मेट्झ यांनी २०१६ मध्ये ही रीत नेमकेपणाने मांडली, आणि ती खाली थोड्या जास्त तपशिलात देत आहोत.

१. सगळे कॉलर शोधून यादी करा. प्रत्येक कॉलर कोणते फ्लॅग कोणत्या किमतीने पाठवतो ते समोर लिहा. बऱ्याच वेळा याच टप्प्यावर काही वाटा कोणीच वापरत नाही हे दिसतं.

२. सध्याचं आउटपुट गोठवा. प्रत्येक कॉलरसाठी खऱ्यासारखा डेटा घेऊन निकाल फाइलमध्ये साठवा. पीडीएफची तुलना बाइटने करू नका. आत बनवल्याची वेळ असते, त्यामुळे ती दर वेळी पडेल. पीडीएफच्या आधीचा एचटीएमएल किंवा डेटा ताडा.

३. एक कॉलर घ्या, सगळ्यात साधा. कॉमन फंक्शनचा अख्खा मजकूर त्यात उतरवा. इंटेलिजे या आयडीईमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एन हे इनलाइन करतं; त्यात फक्त हाच कॉल निवडा. कोड मोठा आणि कुरूप दिसेल, तसा दिसू द्या.

४. त्या कॉलरचे फ्लॅग ठरलेले आहेत, म्हणून त्यांच्या जागी सरळ खरं किंवा खोटं लिहा. मेलेल्या शाखा आयडीई दाखवेल, त्या काढा. ऐंशी ओळींतून तीस-चाळीस उरतात.

५. नावं बदला, टेस्ट चालवा, कमिट करा. मग पुढचा कॉलर, वेगळ्या कमिटमध्ये.

६. शेवटचा कॉलर सुटला की कॉमन फंक्शन काढून टाका. "असू दे, लागेल" म्हणून ठेवलं तर पुढच्या महिन्यात कोणीतरी ते पुन्हा वापरतं.

यात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, उलगडताना बग सापडतो आणि तो त्याच कमिटमध्ये दुरुस्त होतो. तसं करू नका. गोठवलेलं आउटपुट बदललं, तर ते उलगडण्यामुळे की दुरुस्तीमुळे, हे कळत नाही. बग लिहून ठेवा, वेगळा सोडवा. एसीच्या क्रेडिट नोटचा बग असाच सापडेल: चौथ्या टप्प्यात "आजची_तारीख" हा शब्द क्रेडिट_नोट_बनव च्या आत उघडा पडतो आणि नजरेत भरतो. दुसरी, काम अर्धवट सुटतं. दोन कॉलर सुटतात, तीन अडकलेले राहतात. म्हणून पूर्ण करण्याइतका वेळ हातात असतानाच सुरू करा, आणि त्या काळात कॉमन फंक्शनमध्ये नवा फ्लॅग घ्यायचा नाही असं टीममध्ये सांगून ठेवा.

## टूल आणि रिव्ह्यू

सोनारक्यूब या कोड तपासणाऱ्या टूलच्या मूळ क्वालिटी गेटमध्ये (कोड चालेल का हे ठरवणाऱ्या अटींत) नव्या कोडमधलं डुप्लिकेशन ३ टक्क्यांच्या आत असावं अशी अट असते. जावात सलग दहा सारखी स्टेटमेंट, इतर बहुतेक भाषांत किमान दहा ओळींत पसरलेले शंभर सारखे टोकन (कोडमधले शब्द किंवा चिन्हं), की ते डुप्लिकेशन मोजलं जातं. हे मोजमाप आकाराचं आहे, अर्थाचं नाही, आणि बिल्ड लाल झाली की घाईने कॉमन फंक्शन निघतं. हेतुपूर्वक ठेवलेल्या प्रती सीपीडी एक्सक्लूजनमध्ये (डुप्लिकेशन तपासणीतून वगळायच्या यादीत) टाका. पूर्ण फोल्डर वगळू नका, नेमक्या फायली द्या, आणि कारण कमिट संदेशात लिहा.

रिव्ह्यूमध्ये "कॉमन करा" ऐवजी "हे दोन्ही कोणाच्या सांगण्यावरून बदलतील?" असं विचारा. लिहिणाऱ्याकडे उत्तर असेल तर ते कॉमेंटमध्ये उतरवायला सांगा, मग प्रती राहोत किंवा एक होवोत. इंटरफेस दिसला तर दुसरा वापर कुठे आहे ते दाखवायला सांगा. तो याच पुल रिक्वेस्टमध्ये (रिव्ह्यूला दिलेल्या बदलात) किंवा आधीपासून कोडमध्ये असायला हवा. नसेल, तर इंटरफेस काढून क्लास ठेवा आणि पुढे जा.